नव्या संगणकाची वॉरंटी : चिकित्सालयासाठी सेवा-संरक्षणाची निवड

आयुर्वेदाच्या त्रैमासिकात संगणकाच्या वॉरंटीवर लेख पाहून काही ज्येष्ठ वाचकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पनवेल आणि परिसरातील अनेक चिकित्सालयांत आज रुग्णपत्रके, औषधांचा साठा, पावत्या आणि पंचकर्माचे वेळापत्रक संगणकावरच असते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला आणि त्यातील आरोग्य-व्यावसायिकांच्या नोंदणीपटात आयुर्वेद वैद्यांनाही स्थान मिळाले. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने बरेच जुने संगणक नव्या प्रणालीस अपात्र ठरले. त्यामुळे धडधाकट चालणारा संगणक बाजूस ठेवून नवा घेण्याची वेळ अनेक सभासदांवर आली आहे.

खरेदीच्या वेळी आपण प्रोसेसर कोणता, रॅम किती, किंमत किती याची चौकशी करतो. वॉरंटीविषयी मात्र ‘किती वर्षांची?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की वर्षांची संख्या हा शेवटी विचारण्याचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा : हा संगणक बंद पडला तर माझे चिकित्सालय किती दिवस नीट चालू शकेल? या प्रश्नाचे उत्तर निश्चित झाले म्हणजे कोणती सेवा घ्यावी आणि कोणत्या सेवेवर पैसे खर्च करू नयेत, हे पुष्कळसे आपोआप ठरते.

वॉरंटी म्हणजे नेमके काय?

बोलण्यात ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार गॅरंटी म्हणजे तिसऱ्या व्यक्तीने आपले दायित्व पार पाडले नाही तर ते आपण पार पाडू असे दिलेले वचन; कर्जास जामीन राहणे हे त्याचे परिचित उदाहरण. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये वस्तूच्या विक्रीसंबंधी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. कराराच्या मुख्य हेतूशी निगडित असलेली ती ‘अट’, तिचा भंग झाल्यास करारच नाकारता येतो. मुख्य हेतूला पूरक असलेली ती ‘वॉरंटी’, तिच्या भंगाबद्दल नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्या कारणावरून वस्तू परत करता येत नाही.

कंपनीचे छापील वॉरंटीपत्र हे याहून निराळे, कंपनीने स्वतःच्या शब्दांत दिलेले मर्यादित वचन असते. त्यात बहुधा इतकेच म्हटलेले असते की निर्मितीतील दोषामुळे भाग निकामी झाल्यास तो दुरुस्त करून किंवा बदलून दिला जाईल. बदलून दिलेला भाग कोराच असेल असेही नाही. नव्यासारखा काम करणारा, कारखान्यात दुरुस्त केलेला भाग वापरण्याची मुभा अनेक कंपन्या अटींत स्वतःकडे राखून ठेवतात. म्हणून वॉरंटीपत्र खरेदीनंतर नव्हे, खरेदीपूर्वी वाचावे. विक्रेत्याकडे छापील प्रत नसल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर ते उपलब्ध असते.

सेवेचे चार पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. आपणा सर्वांच्या परिचयाची ही मांडणी संगणक-सेवेची परीक्षा करतानाही उपयोगी पडते.

पहिला पाद तंत्रज्ञ. तो कंपनीचा की कंत्राटदाराचा, पनवेलमध्ये राहणारा की वाशीहून किंवा ठाण्याहून येणारा, हे विचारून घ्यावे. दुसरा पाद सुटे भाग. तंत्रज्ञ निष्णात असला तरी भाग जवळच्या गोदामात नसेल तर तो हात हलवत परत जाणार. ज्या नमुन्याचे संगणक मोठ्या संख्येने विकले जातात त्यांचे भाग लवकर मिळतात. दुर्मीळ किंवा अगदी नव्याने बाजारात आलेल्या नमुन्याचे भाग बाहेरून मागवावे लागतात. तिसरा पाद मध्यस्थाचा, म्हणजे तक्रार नोंदवून घेणारे सेवा केंद्र आणि आपला विक्रेता. चांगला विक्रेता आपल्या वतीने पाठपुरावा करतो आणि मधल्या दिवसांसाठी एखादा जुना संगणकही देतो. चौथा पाद स्वतः ग्राहक. रुग्णाच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपले लक्षण नीट सांगता येणे, हा एक गुण मानला आहे. संगणक ‘चालत नाही’ असे सांगणारा ग्राहक आणि ‘सुरू केल्यावर तीन वेळा आवाज होतो, पडद्यावर काही दिसत नाही, काल वीज गेल्यापासून असे होते’ असे सांगणारा ग्राहक, यांपैकी दुसऱ्याकडे तंत्रज्ञ योग्य भाग घेऊन पहिल्याच खेपेस येण्याचा संभव अधिक.

या चार पादांपैकी एक लंगडा असला तर पाच वर्षांची वॉरंटीही कागदावरच राहते.

तीन आकड्यांचा अर्थ

काही कंपन्यांच्या माहितीपत्रकावर ‘१-१-०’, ‘१-१-१’ किंवा ‘३-३-३’ असे आकडे असतात. पहिला आकडा सुट्या भागांच्या वॉरंटीची वर्षे, दुसरा मजुरीची आणि तिसरा ग्राहकाच्या जागेवर येऊन दिलेल्या सेवेची वर्षे दर्शवितो. ‘३-३-३’ म्हणजे तीनही गोष्टी तीन वर्षे. ‘१-१-०’ म्हणजे एक वर्ष भाग व मजुरी मोफत, पण संगणक सेवा केंद्रात आपणच नेऊन द्यावयाचा. विक्रेता तोंडी ‘तीन वर्षांची वॉरंटी’ म्हणतो तेव्हा हे तीनही आकडे त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्यावेत.

जागेवरील सेवेत ‘पुढील कामकाजाचा दिवस’ अशी एक श्रेणी असते. तिचा अर्थ बहुतेक ग्राहक दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होईल असा करतात. प्रत्यक्षात ते प्रतिसादाचे वचन असते, दुरुस्तीचे नव्हे. दूरध्वनीवरून दोषाची तपासणी पूर्ण झाल्यानंतर तो दिवस मोजला जातो. ठरावीक वेळेनंतर नोंदविलेली तक्रार दुसऱ्या दिवसाची धरली जाते, आणि रविवार व सुट्ट्या त्यात येत नाहीत. शिवाय ही सेवा सर्व ठिकाणी मिळत नाही. पनवेलचा पिनकोड ४१०२०६ सेवा-क्षेत्रात आहे एवढ्यावरून पेण, कर्जत, म्हसळा किंवा पोलादपूर येथील सभासदाने आपलेही गाव त्यात असेल असे गृहीत धरू नये. ऑनलाइन खरेदी करताना येणारा पिनकोडचा प्रश्न पुष्कळदा वस्तू पोहोचविण्यापुरता असतो. सेवेसाठी आपल्या गावचा पिनकोड देऊन कंपनीला वेगळे विचारावे लागते.

जोडणीचा संगणक आणि कंपनीचा संगणक

पनवेलच्या बाजारात जोडणी करून घेतलेल्या संगणकाला आजही मागणी आहे. त्याच्या वॉरंटीचे स्वरूप कंपनीच्या तयार संगणकाहून भिन्न असते. जोडणीच्या संगणकाला एक वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची स्वतंत्र असते. मदरबोर्ड बहुधा तीन वर्षे, पेटीबंद प्रोसेसर तीन वर्षे, एसएसडी प्रकारानुसार तीन किंवा पाच वर्षे, मॉनिटर बहुधा तीन वर्षे. एसएसडीवर वर्षांबरोबर एकूण किती विदा लिहिता येईल याचीही मर्यादा असते आणि यांपैकी जी आधी पूर्ण होईल तेथे वॉरंटी संपते. चिकित्सालयाच्या सामान्य वापरात ही दुसरी मर्यादा क्वचितच गाठली जाते.

अशा संगणकात दोष कोणत्या भागात आहे हे ठरविण्याचे काम जोडणी करणाऱ्याकडे असते. भाग ज्या त्या कंपनीच्या केंद्रात पाठविला जातो आणि तो परत येईपर्यंत संगणक बंद राहतो. दुसरीकडे मोठा लाभ असा की कोणताही एक भाग खुल्या बाजारात विकत घेऊन त्याच दिवशी काम सुरू करता येते.

प्रोसेसर पेटीबंद आहे की सुटा, हे पाहणेही महत्त्वाचे. ट्रेमधून सुटा विकलेल्या प्रोसेसरची जबाबदारी निर्मात्याकडे नसून विकणाऱ्याकडे असते. याचे एक बोलके उदाहरण अलीकडचे आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजसंबंधी दोषामुळे अस्थिरता आढळली. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने अशा पेटीबंद प्रोसेसरांची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. सुटा प्रोसेसर घेणाऱ्यांना मात्र आपल्या विक्रेत्याकडे जाण्यास सांगण्यात आले. पेटी आणि पावती जपून ठेवणाऱ्यास न मागता दोन वर्षे मिळाली.

कंपनीच्या तयार संगणकात, विशेषतः लॅपटॉपमध्ये, जबाबदारी एकाच ठिकाणी असते हे सुख आहे. पण आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, काहींत साठवणसुद्धा. एक लहान दोष म्हणजे संपूर्ण बोर्ड बदलणे. बॅटरीची वॉरंटी संगणकाच्या वॉरंटीपेक्षा कमी, बहुधा एकच वर्ष असते. यंत्राची वॉरंटी तीन वर्षांची घेतली तरी बॅटरीस ती आपोआप लागू होत नाही.

वॉरंटी देणारी कंपनी किती काळ टिकेल, हाही विचार करावा. आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय २००५ साली लेनोव्होकडे गेला. विप्रोने २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचे संगणक बनविणे थांबविले. सोनीने २०१४ मध्ये वायो हा व्यवसाय विकला, मात्र आधी विकलेल्या यंत्रांची सेवा चालू ठेवण्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्या व्यवसाय सोडतानाही सेवेची काही व्यवस्था लावतात. अपरिचित नावाच्या स्वस्त यंत्राबाबत अशी खात्री देता येत नाही.

वाढीव वॉरंटी घ्यावी काय?

विक्रेता वाढीव वॉरंटी, अपघाती नुकसानीचे संरक्षण आणि वार्षिक देखभाल करार अशा तीन गोष्टी सुचवितो. त्यांत गल्लत होऊ नये. वाढीव वॉरंटी मूळ अटीच पुढे चालविते. जे मूळ वॉरंटीत वगळले आहे ते वाढीव काळातही वगळलेलेच राहते. अपघाती संरक्षणात हातून पडणे, पाणी किंवा चहा सांडणे यांचा समावेश होतो, पण वर्षातून किती वेळा लाभ मिळेल यावर सहसा मर्यादा असते. देखभाल करार वॉरंटी संपल्यानंतर स्थानिक व्यावसायिकाशी केला जातो. तो ‘सुट्या भागांसह’ की ‘भागांविना’ हे स्पष्ट लिहिलेले असावे. भागांविना करारात आपण केवळ तंत्रज्ञाच्या खेपांचे पैसे भरत असतो.

वाढीव वॉरंटी कंपनीची की दुकानाची किंवा तिसऱ्याच संस्थेची, हे पावतीवर पाहावे. कंपनीची असल्यास यंत्राचा अनुक्रमांक संकेतस्थळावर टाकताच नवी मुदत दिसते. ती बहुधा मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते. खरेदीच्या दिवशीच घेतली पाहिजे असे नाही. तेव्हा दुकानात घाई न करता काही महिने यंत्राचा आणि सेवेचा अनुभव घेऊन निर्णय करता येतो. अंतिम दिनांक आणि बदललेला दर मात्र आधी विचारून ठेवावा.

पैशाचा हिशेब कसा करावा? केवळ उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, एका लॅपटॉपसाठी आणखी दोन वर्षांच्या सेवेचे जीएसटीसह ७,००० रुपये मागितले जातात आणि त्याचा मदरबोर्ड बदलण्यास २५,००० रुपये पडतात. ७,००० ला २५,००० ने भागले असता २८ टक्के येतात. म्हणजे त्या दोन वर्षांत बोर्ड निकामी होण्याची शक्यता २८ टक्क्यांहून अधिक वाटत असेल तरच निव्वळ पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार लाभाचा. त्यात बंद राहिलेल्या दिवसांचे नुकसान मिळवावे. वैद्य एकटेच असतील, सर्व नोंदी एकाच यंत्रावर असतील आणि एकदम २५,००० रुपये काढणे अवघड असेल, तर हिशेबापेक्षा थोडे अधिक मोजूनही निश्चिंतता घेणे योग्य. मात्र डेस्कटॉप संगणक असेल, भाग बाजारात सहज मिळत असतील आणि जवळ विश्वासू तंत्रज्ञ असेल, तर तीच रक्कम बाजूस ठेवावी. त्या पैशांत पर्यायी एसएसडी आणि बॅकअपसाठी बाह्य डिस्क घेता येते.

जुना संगणक एकदम मोडीत काढू नये, असेही सुचवावेसे वाटते. विंडोज १० वरील जुने यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून, रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरची प्रत त्यावर चढवून ठेवली तर नवा संगणक दुरुस्तीस गेल्यावर ते हाताशी येते. चिकित्सालय किती दिवस थांबू शकेल, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अशा तयारीने बदलते, आणि महागडी सेवा-श्रेणी घेण्याची निकड कमी होते.

वॉरंटीत काय बसत नाही?

विजेचा चढउतार, वीज कोसळणे, पूर, आग, पाणी सांडणे, उंदरांनी व कीटकांनी केलेले नुकसान, अनधिकृत व्यक्तीने केलेली दुरुस्ती, ही वगळण्याची यादी बहुतेक सर्व वॉरंटीपत्रांत आढळते. कोकणपट्टीतील आपल्या जिल्ह्यात यांतील एकही गोष्ट दुर्मीळ नाही. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी, तसेच जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण येथे आलेला पूर आपल्या स्मरणात आहेच. अशा नुकसानीसाठी वॉरंटी नव्हे, विमा लागतो. चिकित्सालयाचा विमा असल्यास त्यात संगणक व इतर विद्युत उपकरणांचा समावेश आहे किंवा नाही, हे विमापत्रात पाहून घ्यावे.

आयुर्वेदीय चिकित्सालयाच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत. चूर्णे कुटताना, चाळताना उडणारी बारीक धूळ पंख्यात व हीटसिंकवर बसते आणि उष्णता बाहेर पडत नाही. क्वाथाची व बाष्पस्वेदनाची वाफ दमट हवेत भर घालते व जोडण्यांवर गंज चढतो. धूपनाचा धूर चिकट थर धरतो. अभ्यंगानंतर तेलकट हात की-बोर्डला लागतात. तंत्रज्ञाने यंत्र उघडले आणि आत तेलकट धूळ किंवा गंज आढळला, तर ‘निर्मितीतील दोष नाही’ असा शेरा मारण्यास त्याला कारण मिळते. म्हणून संगणक औषधनिर्माणाच्या व पंचकर्माच्या खोलीबाहेर ठेवावा आणि जमिनीपासून उंच ठेवावा. वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, त्याची स्वच्छता अधिकृत तंत्रज्ञाकडून करवून तशी नोंद घ्यावी.

अर्थिंगची तपासणी विद्युत कारागिराकडून आधीच करून घ्यावी. दोषपूर्ण अर्थिंगचे कारण दाखवून कंपनी जबाबदारी नाकारू शकते. यूपीएसची वॉरंटी स्वतंत्र असते, त्याच्या बॅटरीची आणखी निराळी.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपबाबतही सावध असावे. काही कंपन्यांची वॉरंटी देशोदेशी चालते, काहींची केवळ विक्रीच्या देशात. काहींत मालकीचे हस्तांतरण किंवा देशबदल संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. यंत्र येथे पोहोचण्यापूर्वी ही चौकशी व्हावी.

रुग्णनोंदी : कोणत्याही वॉरंटीबाहेरची वस्तू

लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. डिस्क बिघडली तर कंपनी डिस्क देते, तिच्यावरील नोंदी देत नाही. विदा नष्ट झाल्याबद्दल आपण जबाबदार नाही, असे वॉरंटीपत्रांत स्पष्ट लिहिलेले असते. या परिसरातील एका वैद्यमित्राच्या संगणकाची डिस्क वॉरंटीच्या मुदतीत निकामी झाली. कंपनीने अटींप्रमाणे नवी डिस्क बसवून दिली आणि जुनी नेली. सेवा वेळेवर झाली, पैसाही पडला नाही. पण संधिवात व त्वग्विकारांच्या दीर्घकालीन रुग्णांच्या नोंदी त्या डिस्कबरोबर गेल्या. कोणत्या ऋतूत कोणता कल्प दिला, मात्रा केव्हा वाढविली, कोणत्या औषधाने त्रास झाला, हे सर्व रुग्णांना पुन्हा विचारावे लागले. काहींना ते आठवत होते, काहींना नाही.

यावर उपाय तीन. पहिला, नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक चिकित्सालयाबाहेर असावी. बॅकअप घेतला जातो एवढे पुरेसे नाही. महिन्यातून एकदा त्यातील एखादे रुग्णपत्रक उघडून पाहावे.

दुसरा उपाय बिटलॉकरच्या किल्लीचा. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. पुढे वॉरंटीत मदरबोर्ड बदलला गेला की संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही नोंदी उघडत नाहीत. ही किल्ली बहुधा त्या खात्यात साठविलेली असते. खाते कोणाच्या नावे उघडले, विक्रेत्याच्या की आपल्या, हे पाहावे आणि किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

तिसरा उपाय गोपनीयतेचा. बिघडलेली डिस्क कंपनीकडे जाते, तेव्हा तिच्यावरील रुग्णांची माहितीही जाते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. कायद्याचे बाजूस ठेवले तरी रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे हा वैद्याचा धर्मच आहे. डेल, एचपी व लेनोव्हो यांच्याकडे बिघडलेली डिस्क ग्राहकाने स्वतःकडे ठेवण्याची जादा सेवा मिळते. रुग्णनोंदी ठेवणाऱ्या यंत्रासाठी जादा पैसे मोजावयाचेच असतील तर ते प्रथम या सेवेवर मोजावेत, असे माझे मत आहे.

कागदपत्रे आणि तक्रार

वॉरंटीचा आरंभ पावतीच्या दिनांकापासून होतो. तथापि कंपनीच्या नोंदीत पुष्कळदा यंत्र विक्रेत्याकडे पाठविल्याचा दिनांक असतो, आणि दुकानात पडून राहिलेल्या यंत्राचे काही महिने परस्पर वजा होतात. खरेदीनंतर आठवडाभरात अनुक्रमांक संकेतस्थळावर टाकून मुदत तपासावी, चूक असल्यास पावतीची प्रत पाठवून दुरुस्त करून घ्यावी. पावतीवर नमुना, अनुक्रमांक आणि जीएसटी क्रमांक असावा. जोडणीच्या संगणकात प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असावा. तक्रार केल्यास तिचा क्रमांक आणि तंत्रज्ञाच्या प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल ठेवावा.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. त्यानेही न भागल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. रायगडचा आयोग अलिबाग येथे आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय बंगळूरुला असले तरी तेथे जावे लागत नाही. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील अनिवार्य नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून ती दाखल करता येते.

येथे एक शंका उपस्थित केली जाते : चिकित्सालयासाठी घेतलेला संगणक ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ घेतलेला ठरून वैद्य ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर जाईल काय? स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने या अपवादातून वगळली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ स्पष्ट केला. यंत्र स्वतः चालविणाऱ्याने एकदोन मदतनीस घेतले तरी तो ग्राहकच राहतो, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यातील उद्योग मात्र या कसोटीस उतरला नाही. संस्थांच्या बाबतीत, लीलावती कीर्तिलाल मेहता वैद्यकीय न्यासाच्या २०१९ च्या निर्णयात खरेदीचे प्रधान प्रयोजन काय, हे पाहावयास न्यायालयाने सांगितले. स्वतः रुग्ण तपासणाऱ्या आणि एखाद्या सहायकाच्या मदतीने नोंदी ठेवणाऱ्या वैद्याची बाजू यावरून बळकट दिसते. मोठ्या रुग्णालयाने मात्र आधी विधिज्ञांचा सल्ला घ्यावा.

खरेदीपूर्वीचे सात प्रश्न

सभासदांच्या सोयीसाठी वरील विवेचनाचा सारांश प्रश्नरूपाने देतो. उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.

१. भाग, मजुरी आणि जागेवरील सेवा यांची वर्षे प्रत्येकी किती?
२. माझ्या पिनकोडवर जागेवरील सेवा मिळते काय, आणि तंत्रज्ञ व सुटे भाग कोठून येतात?
३. बॅटरी, चार्जर व यूपीएस यांची मुदत किती?
४. वाढीव वॉरंटी कोण देतो, कधीपर्यंत घेता येते, आणि तिचा दर जीएसटीसह किती?
५. कोणते नुकसान वगळले आहे, आणि कोणत्या कृतीने वॉरंटी रद्द होते?
६. बिघडलेली डिस्क मला ठेवून घेता येईल काय?
७. दुरुस्तीच्या काळात पर्यायी संगणक मिळेल काय?

या सातांच्या आधी स्वतःला विचारावयाचा प्रश्न आरंभी सांगितलाच आहे. ज्याचे चिकित्सालय एक दिवसही थांबू शकत नाही त्याने जागेवरील सेवा आणि पर्यायी यंत्र यांवर खर्च करावा. जो चार दिवस कागदावर काम चालवू शकतो त्याला सेवा केंद्रात नेऊन देण्याची साधी वॉरंटीही पुरेशी आहे. बॅकअपची सवलत मात्र दोघांपैकी कोणालाही नाही. यंत्र गेले तर दुसरे मिळते; रुग्णाच्या दहा वर्षांच्या नोंदी बाजारात मिळत नाहीत.